मतदानाच्या दिवशी सावकाशची गाडी

आमच्या उपनगराबद्दल सांगायचं तर चढापासून सुरुवात करावी लागते. चढाच्या पायथ्याशी कारखान्याच्या जुन्या वसाहती, मधल्या पट्ट्यात आमची दुकानं आणि दुमजली घरं, वर टेकडीवर बंगले. कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी उंच इमारती उठल्या आणि कुठून कुठून माणसं राहायला आली. आज एकेका जिन्यात चार भाषांत भांडणं होतात, आणि पाण्याचा पंप बंद पडला की चारही भाषांतले लोक एकाच माणसाला शिव्या घालतात. तेवढी एकी आमच्यात आहे.

मतदानाचंही तसंच. खालचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जुन्या पक्षाचे, वरचे नव्या पक्षाचे. हा नवा पक्ष माझ्या लग्नाच्याही आधीचा आहे, पण नाव पडलं ते पडलं. इमारतींतले आणि मधले आम्ही कधी इकडे, कधी तिकडे. एकदा कारखाने बंद झाल्याच्या रागात खालच्यांनी नव्या पक्षाला निवडून दिलं. पुढच्या खेपेला वरचे कंटाळून घरीच बसले आणि जुना पक्ष परत आला. तेव्हापासून इथे कुणीही आरामात जिंकलेलं नाही. मतमोजणीच्या दिवशी माझ्या औषधाच्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या संपतात, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

सावकाश माझ्या दुकानासमोर राहतो. शाळेची गाडी चालवतो. मूल उतरताना "सावकाश, सावकाश" असं म्हटल्याशिवाय त्याने कधी दार उघडलं नाही, म्हणून हे नाव. आता त्याच्या बायकोलासुद्धा खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागतं. सकाळची फेरी संपली की तो माझ्या दुकानात स्टुलावर बसतो आणि औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर वाचतो. त्यामुळे त्याला न झालेले बरेच आजार तोंडपाठ आहेत.

मतदानाच्या दिवशी शाळेला सुट्टी असते, कारण केंद्र शाळेतच असतं. फार वर्षांपूर्वी अशाच एका सुट्टीला तो घरात इकडून तिकडे फिरत होता, तेव्हा वहिनी वैतागून म्हणाल्या, "पायात पायात येऊ नका. गाडी काढा आणि कुठेतरी जा." हा निघाला. चढावर एक म्हातारी धापा टाकत उभी होती. तिला वर शाळेत नेऊन सोडलं, मत देऊन आल्यावर खाली घरी पोचवलं. तिने शेजारणीला सांगितलं. पुढच्या निवडणुकीला वसाहतीच्या तोंडाशी सकाळपासून माणसं उभी. मग ते दरवेळचंच झालं. भाडं नाही, आणि गाडीत कुठल्याही पक्षाचं नाव काढायचं नाही. एकदा एका बंगलेवाल्याने भाषण सुरू केलं, तर सावकाशने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि आरशातून नुसतं बघत राहिला. गाडीतले बाकीचे सहा जण त्या बंगलेवाल्यावर असे तुटून पडले, की विचारू नका.

तो स्वतः कुणाला मत देतो हे मला कधीच कळलं नाही. सगळ्यांना पोचवून झालं की शेवटी आपलं मत द्यायला जायचा. रस्त्याच्या त्याच्या बाजूच्या घरांचं केंद्र कालव्यापलीकडच्या वाचनालयात. एकाच मतदारसंघात, पण पार दुसऱ्या टोकाला. "सगळ्यांचं उरकलं की माझं," असं म्हणायचा. मी म्हणायचो, "अरे, सकाळी उठल्या उठल्या जाऊन ये की!" तो मान डोलवायचा. ऐकायचा नाही.

मग गेल्या निवडणुकीत नव्या पक्षाने उमेदवारी दिली ती त्याच्या मुलीला.

मुलगी दवाखान्यात नर्स. वरचे, खालचे, इमारतींतले, सगळ्यांच्या दंडावर तिची सुई टोचलेली. मधल्या पट्ट्यातलं कुणी उभं राहिलं ते पहिल्यांदाच, आणि आम्हा दुकानदारांच्या अंगात वारं शिरलं. सावकाश मात्र नेहमीसारखा. फक्त तिचा फोटो असलेलं पत्रक त्याने चार घड्या घालून खिशात ठेवलं होतं. ते एकदा पैसे काढताना पडलं, तेव्हा मला दिसलं. असं उचललं त्याने, की जणू किल्लीच पडली होती.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात तिच्या पक्षाचा चिटणीस दुकानात आला. सावकाश स्टुलावर होताच. चिटणीस गोड बोलण्यात पटाईत. म्हणाला, "काका, तुमची गाडी म्हणजे खालच्या वसाहतीचे पाय. आणि खालच्या म्हाताऱ्यांची मतं कुठे जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. एवढ्या वेळेपुरती गाडी दुरुस्तीला टाका. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"दुरुस्त गाडी दुरुस्तीला कशी टाकू?" सावकाश म्हणाला.

संध्याकाळी मुलगी स्वतः आली. सरळ मागणी केली नाही तिने, वडिलांचीच मुलगी ती. "बाबा, तुम्ही दमता हो. या वेळी एक दिवस घरी बसा ना."

त्याने हातातलं खोकं परत फळीवर ठेवलं. मग म्हणाला, "त्या बायका सकाळपासून चपला घालून बसलेल्या असतात गं. गाडी येईल म्हणून." मला तिचा राग आला नाही आणि त्याचाही आला नाही, आणि असं होतं तेव्हा मला फार अस्वस्थ वाटतं.

मतदानाच्या दिवशी गर्दीचा कहर झाला. चुरस आहे म्हटल्यावर एरवी न हलणारी माणसंही निघाली. त्यातून मुलीविरुद्ध मतं द्यायला बाप स्वतः घेऊन जातोय, ही बातमी सगळीकडे पसरलेली. काही लोक तर केवळ हे नवल बघायला गाडीत बसले असावेत. मुलगी सकाळीच वाचनालयात मत देऊन आली, फोटोबिटो झाले. निघण्यापूर्वी तिने फोन करून विचारलं होतं, "बाबा, येताय का माझ्याबरोबर?" हा त्या वेळी दोन आजींना शाळेच्या पायऱ्या चढवत होता. "तू हो पुढे, मी येतोच मागून," म्हणाला.

शेवटची फेरी फोरमनची. हा कारखान्यातला जुना माणूस, फुप्फुसं निकामी झालेली, जुन्या पक्षासाठी तुरुंगात जाऊन आलेला. मी दुकान बंद करून मदतीला गेलो होतो. आम्ही दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. धाप लागलेली असतानाही फोरमनची जीभ शाबूत. "तुझ्या पोरीला पाडायला चाललोय. जरा जपून चालव, वाटेत मेलो तर तिचा फायदा होईल."

"गाडीत राजकारण नको," सावकाश म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

शाळेत रांग होती. फोरमनला दोनदा खोकल्याची उबळ आली, पाणी पाजलं, पाठ चोळली. तो मत देऊन बाहेर आला, तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. "अरे, तुझं मत!" मी ओरडलो. फोरमनला माझ्याजवळ सोडून तो पळाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ती गाडी भरधाव हाकली असेल. कालव्याच्या पुलावर कोंडी होती. पोचला तेव्हा वाचनालयाचं फाटक बंद झालं होतं. पहाऱ्यावरच्या शिपायाने ओळखलं, हळहळला, पण नियम म्हणजे नियम. सावकाशने एका शब्दानेही हुज्जत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. मुलगी पडली, आणि अगदी थोडक्यात. सावकाशच्या एका मताने काही फरक पडला नसता. गाडीने पडला असता.

संध्याकाळी त्यांच्या घरी दहाबारा जण जमलो होतो. कुणी नीट बसत नव्हतं. चिटणीस भिंतीकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरचाच घात."

मुलगी ताडकन उठली. "माझ्या वडिलांना एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी माणसं आणली. त्या माणसांनी मला मतं द्यावीत असं मी वागायला हवं होतं. ते मला जमलं नाही. विषय संपला." चिटणीस चहा अर्धा टाकून निघून गेला. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

मग ती सावकाशच्या शेजारी सतरंजीवर बसली, पाठ भिंतीला टेकली आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे बाबा. तुमचं एक मत तर मला मिळालंच ना!"

मी मनातल्या मनात त्याला विनवत होतो, गप्प राहा, नुसती मान हलव, कुणाला कळणार आहे? पण तो तसा नव्हता.

"नाही मिळालं," तो म्हणाला. "फाटक बंद झालं. फोरमनला वेळ लागला." आणि कुणी काही विचारायच्या आत, "मला वाटलं, तुझं काय, घरातलंच आहे. आपण देऊच."

तिने हात लगेच काढून घेतला नाही. थोडा वेळ तसाच राहू दिला, मग काढला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"शाळेच्या गाडीतसुद्धा बाबा, मी रोज सगळ्यांच्या आधी चढायचे," ती म्हणाली, "आणि सगळी पोरं आपापल्या घरी पोचली की शेवटी उतरायचे. कधी कुरकुर केली नाही. शेवटी का होईना, मला घरी नेतात ना, असं वाटायचं. या वेळी मी गाडीतच राहिले."