न वाजणारा फोन आणि नावापुढचा शेरा

मानकोलीच्या गोदामात पॅकिंगच्या लाईनवर माझं तिसरं वर्ष चालू होतं, तेव्हा सुपरवायझरने रजिस्टरात माझ्या नावापुढे लिहिलं, ‘ऐकण्यात अडचण’. माझ्यासमोर लिहिलं असतं तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण तो शेरा मला पुढच्या ड्युटीला हजेरीची सही करताना दिसला. आमच्या लाईनच्या शेजारून फोर्कलिफ्ट जातात, आणि ज्याला हॉर्न ऐकू येत नाही त्याला तिथे उभं करत नाहीत. म्हणजे सोमवारपासून माझी जागा दुसरीला आणि मी बदलीच्या यादीत. कुणी दांडी मारली तर मला बोलावणार, नाहीतर घरी बसा.

हे सगळं माझ्या फोनमुळे झालं. उद्याची ड्युटी कुणाकुणाची, हे सुपरवायझर रोज दुपारी फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकायचा. अर्ध्या तासात त्यावर होकाराचा अंगठा, म्हणजे ते अंगठ्याचं चित्र, द्यायचा. नाही दिला तर ती ड्युटी दुसऱ्याला. त्या महिन्यात माझा अंगठा तीनदा चुकला. तिसऱ्या वेळी तर तो स्वतः कॅन्टीनमध्ये उभा होता. त्याने मेसेज टाकला, टेबलावरचे सगळे फोन टुंग टुंग वाजले. माझा डब्याशेजारी गप्प पडून होता. मी वाकून पाहिलं, काहीच आलेलं नव्हतं, म्हणून परत भाकरीकडे वळले.

“मावशी, ऐकू येतं ना नीट?” त्याने विचारलं.

“येतं की.”

“मग अंगठा का नाही? सगळ्यांना मेसेज आला, तुम्हालाच नाही आला?”

“न्हाय आला. बघा ना फोन.”

त्याने फोन पाहिला नाही. “तुमच्या वडिलांनाही कमी ऐकू येतं ना?” एवढं म्हणून गेला.

माझे वडील एकदा मला घराची किल्ली द्यायला गेटवर आले होते. वॉचमनने चार हाका मारल्या, यांनी मान वळवली नाही. तेवढ्यावरून गोदामभर झालं. चाळीस वर्षं ते कापडाच्या लूमवर उभे होते. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेले, आणि कान गेले म्हणून मालकाने त्यांना घरी पाठवलं. तेव्हा मी लहान नव्हते, मला तोंड होतं, तरी मी मालकाला एक शब्द बोलले नाही. त्याचा राग मला आजही येतो, मालकाचाही आणि माझाही.

शेरा दिसला त्या संध्याकाळी घरी येऊन मी पातेल्यावर चमचा आपटून पाहिला. एकदा या कानाशी, एकदा त्या कानाशी. भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू. पातेलं ऐकू आलं. पण पातेलं कुणालाही ऐकू येईल.

राहनाळच्या नाक्यावर एक मोबाईलवाला आहे, त्याच्याकडे गेले. त्याने फोन उलटसुलट केला, काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “फोन पुराना झाला ताई, नवीन घ्या.” दोन वर्षांचा फोन. आमच्याकडे सगळ्यांना हा एकच इलाज माहीत आहे. फोन वाजत नाही, बदला. बाई ऐकत नाही, बदला. मी फोन पिशवीत टाकला आणि म्हटलं, याला न बदलताच वाजवून दाखवते.

लाईनवर माझ्या शेजारी एक जण उभी राहते, बंदरमोहल्ल्याकडची, तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या लूम. तिचा फोन आणि माझा एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा. तिचा वाजतो, माझा नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक पान उघडत गेलो. तिच्यात काय आहे, माझ्यात काय आहे. तांदूळ निवडावेत तसं. माझा फोन मराठीत होता, त्यामुळे आणखी पंचाईत. ‘पार्श्वभूमीतील वापरावर निर्बंध’ असं एका ठिकाणी होतं. पार्श्वभूमी हा शब्द मी शेवटचा लिहिला तो शाळेत, इतिहासाच्या पेपरात.

“हे तुझ्यात चालू हाय, माझ्यात न्हाय,” ती म्हणाली. “हे कुणी केलं?”

मीच केलं होतं. फोनने एकदा विचारलं होतं की हे मेसेजचं ॲप फार बॅटरी खातंय, रोखू का? मी अभिमानाने हो म्हटलं होतं. शिवाय फोन हातातून खाली ठेवताना मी उघडलेलं सगळं एका बटणाने बंद करून टाकायचे, दिवसातून दहा वेळा. ही आमच्या घरची शिस्त. वडील शिफ्ट संपली की आधी कारखान्याच्या विजेची मेन पाडायचे, मग पायात चपला घालायचे. मोकळ्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर घर डोक्यावर घ्यायचे. मी फोनची मेन पाडत होते.

“सगळं बंद करून ठेवलंस,” शेजारीण म्हणाली, “मग मेसेज आणणार कोण, तुझा बाप?”

आम्ही दोघी खूप हसलो. मग निर्बंध काढला, बॅटरीची बचत बंद केली. तिने मेसेज टाकला. काच उजळली, टुंग झालं. मी तिला आणखी चार टाकायला लावले.

शनिवारी मी सुपरवायझरच्या टेबलासमोर उभी राहिले. फोन त्याच्यापुढे पालथा नाही, सुलटा ठेवला.

“टाका मेसेज.”

“मावशी, लाईनवर जा. नंतर बघू.”

“आत्ताच बघा.”

त्याने टाकला. फोन वाजला, काचेवर त्याचंच नाव आलं. मी झालेला प्रकार सांगितला. तो खुर्चीत मागे टेकला.

“म्हणजे चूक तुमचीच. तुम्हीच बंद केलं होतं.”

“हो, माझीच. मग तीच लिहा. फोन बंद ठेवत होती असं लिहा. कान कशाला लिहिलेत?”

“बरं, असं करू. तुम्ही तोंड तिकडे करा. मी मागून बोलतो, तुम्ही सांगा काय बोललो.”

“मी न्हाय करणार. तीन वर्षांत फोर्कलिफ्टवाल्याला माझ्यापायी एकदा तरी ब्रेक मारावा लागला काय, विचारा त्याला. ती माझी परीक्षा.”

“वडिलांवरून वाटलं मला.”

“वडील बहिरे हायत. लूमनं केलेत. त्यात त्यांनी लाजावं असं काय न्हाय, आणि तुम्ही माझ्यापुढं लिहावं असंही काय न्हाय.”

माझा आवाज चढला होता. दोन-तीन जण थांबून बघायला लागले. त्याने रजिस्टर उघडलं, शेरा खोडला आणि बाजूला लिहिलं, ‘फोनच्या सेटिंगमुळे उत्तर नाही’. मी ते वाचलं, खाली त्याला सही करायला लावली आणि लाईनवर गेले. सोमवारी माझ्या जागेवर मीच होते.

आता जे लिहिते ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर एक रजा टाकून मी सरकारी दवाखान्यात गेले आणि कान तपासून घेतले. उजवा चांगला आहे. डाव्याने थोडं कमी ऐकू येतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपण लूमच्या शेजारी गेलं का? मी म्हटलं, आमच्याकडे कुणाचं गेलं नाही?

हॉर्न मला ऐकू येतो. तरी त्या दिवसापासून मी लाईनच्या दुसऱ्या बाजूला उभी राहते, म्हणजे फोर्कलिफ्ट उजव्या हाताला येते. शेजारणीला सांगितलं, इकडे वारा लागतो. तो शेरा खोटा होता म्हणून मी खोडायला लावला, आणि आता तो अर्धा खरा निघाला तरी पुन्हा लिहू देणार नाही. ज्याला लिहायचा असेल त्याने आधी माझ्या हातून चुकीचा भरलेला एक बॉक्स काढून दाखवावा.