बाबा आणि हॉलमधला पाम

मंगळवारी घरूनच काम होतं. नेरूळच्या आमच्या हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसले खरी, पण लक्ष सगळं कोपऱ्यातल्या अरेका पामकडे... आणखी दोन पानं पिवळी पडली होती.

तुम्ही म्हणाल, कुंडीतल्या झाडाचं एवढं काय टेन्शन? सांगते. आई गेल्यावर बाबांना गुहागरहून इकडे आणलं. सातव्या मजल्यावर त्यांचा जीव काही रमेना. टीव्ही नको, सोसायटीतल्या आजोबांचा कट्टा नको, एकच धोशा, मला घरी सोडा. शेवटी मी हा पाम आणला. त्यांच्या वाडीतल्या पोफळींच्या जातकुळीतला, फक्त नाजूक. त्या दिवसापासून बाबा माणसात आले. पानं पुसायची, कुंडी फिरवायची, त्याच्याशी गप्पासुद्धा!

आणि आता तोच मान टाकायला लागला होता. हा गेला तर बाबा पुन्हा मिटून बसणार, ही धास्ती घेऊनच मी घरात वावरत होते. नर्सरीवाल्या काकांना फोटो पाठवला. पाणी जास्त होतंय म्हणाले, मुळं कुजतायत. आठवड्यातून दोनदाच घाला.

मला वाटलं, वाडीतली सवय! तिथे पोफळींना रोज शिंपावं लागतं. बाबांना नीट समजावलं, त्यांनी मानही डोलावली... आणि रविवारी बघते तर कुंडीखालची ताटली काठोकाठ भरलेली. माझं डोकंच सटकलं. एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला, असं त्यांच्या तोंडावर ओरडले. बाबा आतल्या खोलीत निघून गेले.

तर मंगळवार. दहाच्या सुमारास बाबा तांब्या घेऊन आले, पाणी घातलं. त्या दिवशी पाण्याचा वारच होता, म्हणून मी काही बोलले नाही. साडेअकराला पुन्हा तांब्या! आता हे मुद्दाम करतायत की काय? मीटिंग चालू होती, नुसती दात-ओठ खात बसले. जेवायच्या आधी तिसऱ्यांदा आले तेव्हा मात्र उठून हात धरला. "बाबा, मघाशी घातलंत ना?"

"मी? नाय गो. आज अजून कुठं घातलंय," बाबा म्हणाले. अगदी सरळ, मनापासून.

मग एकेक आठवायला लागलं. दोनदा घेतलेली बीपीची गोळी, वाहत राहिलेला बेसिनचा नळ... वय झालं म्हणून मी सगळं सोडून दिलं होतं. आता शुक्रवारी डॉक्टरांकडे न्यायचंय. ते काय सांगतील ह्या विचाराने जेवण जात नाहीये.

नर्सरीवाले काका घरी येऊन गेले. सडलेली मुळं कापून पाम नव्या मातीत लावून दिला. जगेल की नाही, तेही खात्रीने सांगत नाहीत. पण तो पिवळा पडला नसता तर माझं लक्ष कधी गेलं असतं, देव जाणे... त्याचे उपकारच आहेत माझ्यावर.

मंगळवारी संध्याकाळी मी बाबांजवळ जाऊन बसले होते. रविवारी ओरडले त्याबद्दल सॉरी म्हटलं.

"तू कधी ओरडलीस गो? तू नाय ओरडत कुणावर," म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्यांना ते आठवत नाही ह्याचं क्षणभर बरं वाटलं... आणि मग मला रडूच आवरेना.