अकीक घासणारे यूसुफभाई

मयत: यूसुफभाई, राहणार तळवली. वेळ: गेल्या महिन्यातील शुक्रवार, सकाळ. ठिकाण: राहते घर. साक्षीदार: पत्नी सायराभाभी. लिहून देणार: मी, अर्जलेखक, मयताचा अठरा वर्षांपासूनचा शेजारी. प्रसंगी मी हजर नव्हतो. भाभींचा फोन आला तेव्हा सवयीने मी विचारले, "बोला, काय लिहायचे?" पलीकडून त्या एवढेच म्हणाल्या, "भाईजान, आता कायपन लिहू नका..."

वाशीत रस्त्याच्या कडेला आमची टेबले एकमेकांना चिकटून होती. माझ्याकडे कागद, त्यांच्याकडे दगड घासण्याचे चाक. खांदेश्वरच्या बाजूला इमारतींचे पाये खणताना काळ्या खडकातून निघालेले अकिकाचे ओबडधोबड गोटे ते गोणीतून आणत. बाहेरून बटाटा, कापला की आत दुधी, तपकिरी, राखाडी रेघा, एकीत एक गुंतलेल्या. "पान्यानं काढलेल्या रेघा हायत, वकीलसाहेब," ते सांगत. "खडकाच्या पोकळीत पानी झिरपत ऱ्हायलं, थरावर थर चढला. घाई नाय केली कुनी." मी वकील नाही, माझे शिक्षण आठवीपर्यंतचे आहे. परंतु ते मला वकीलसाहेबच म्हणत, आणि मी त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

त्यांच्या टेबलाशी सर्व जातिधर्मांची माणसे थांबत. कोणी चांदीच्या अंगठीत लाल अकीक बसवून नेई, कोणी शनीच्या भीतीने काळा, कोणी तान्ह्या बाळाच्या मनगटासाठी मणी. एक वृद्ध वैद्य औषध घोटण्याच्या अकिकाच्या खलाला पुन्हा झिलई करून घेत. हा दगड स्वतः झिजून औषधात उतरत नाही, असे ते म्हणत. "दगडात खरेच गुण असतो काय?" असे मी एकदा विचारले. यूसुफभाई हसले. "गुन हाय ना. थंड हाय. मानूस तापला की हातात धरावा."

चाकावर पाणी सोडत घासले की धूळ उडत नाही, हे त्यांना ठाऊक होते. परंतु नळ लांब होता आणि गिऱ्हाईक घाईत. खोकला वाढला तेव्हाही त्यांची थट्टा थांबली नाही: "तुमी कागद घासता, मी दगड. धूळ तेवढी माझ्या वाट्याला!"

आता मुद्द्याचे. काही वर्षांपूर्वी कामगार नोंदणीचा अर्ज मी लिहिला. व्यवसायाच्या रकान्याशी ते म्हणाले, "लिवा, दगड घासनारा." मला ते शब्द हलके वाटले. माझ्या मित्राची ओळख अशी असू नये, म्हणून मी सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'रत्न व्यावसायिक'. मोठ्याने वाचून दाखवले. "आमी कवा रत्नवाले झालो?" म्हणत त्यांनी पुन्हा वाचायला लावले, मग भाभींना फोन लावून तिसऱ्यांदा...

पुढे डॉक्टरांनी छातीचे चित्र पाहून दगडाची धूळ फुप्फुसात बसल्याचे सांगितले. उपचाराच्या मदतीसाठी मीच अर्ज केला. कार्यालयाचे उत्तर आले: अर्जदार व्यापारी आहे, कामगार नाही; सबब अर्ज नामंजूर. ते मीच त्यांना वाचून दाखवले. अंथरुणावर उशांना टेकून बसलेले यूसुफभाई धापा टाकत म्हणाले, "जाऊ द्या, वकीलसाहेब. एका कागदानं तरी आमाला शेट म्हटलं." आणि माझ्या हातावर हात ठेवला. तो हात अकिकासारखा थंड होता.

सबब विनंती अशी की, सदर नोंदीतील 'रत्न व्यावसायिक' हे शब्द खोडून तेथे 'दगड घासणारा' असे लिहावे. चूक मयताची नाही. अक्षर माझे आहे, बुद्धीही माझीच. मृत्यू कामामुळे झाला हे मान्य करून सायराभाभींना त्यांचा हक्क मिळावा. या अर्जाची एक प्रत मी त्यांच्या कबरीशी उभे राहून मोठ्याने, तीन वेळा वाचली आहे. तेथून उत्तर आलेले नाही. निदान कार्यालयाने तरी ते द्यावे.