ओला भुसा

सुताराच्या दुकानावरून जाताना भुशाचा वास आला, की मी अजून झपाझप पुढं निघते. गारखेड्यातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात लेकीनं हट्टानं मिनी पिगचं, म्हणजे छोट्या जातीच्या डुकराचं, पिल्लू पाळलं होतं. त्याच्या शी-शूसाठी गॅलरीत भुशाचा ट्रे ठेवला, मटारच्या दाण्यांची लालूच दाखवली, पण ते ट्रेत पाय ठेवेना. शेवटी आम्ही त्याला रोज समोरच्या मोकळ्या प्लॉटवर न्यायला लागलो. एका सकाळी तिथंच महापालिकेची मोकाट डुकरं पकडणारी गाडी आली. माणसांनी जाळी टाकली, डुकरं किंचाळत सुटली आणि त्या गोंधळात लेकीच्या हातातला पट्टा सुटून पिल्लू दिसेनासं झालं. गाडीच्या गजांना तोंड लावून मी हाका मारल्या. आत चिखलानं माखलेली सगळीच ओरडत होती. "ताई, पाळलेलं कोणतं अन् मोकाट कोणतं, आमाला कसं कळावं?" असं म्हणून ड्रायव्हरनं गाडी काढली. लेक रस्त्यातच बसली. तिला कसंबसं घरी आणलं, तर पिल्लू गॅलरीतल्या ट्रेत, भुशात तोंड खुपसून थरथरत होतं. खालचा भुसा ओला झाला होता. त्यानंतर त्यानं ट्रे कधीच चुकवला नाही. पाहुणे कौतुकानं विचारतात, "कसं शिकवलंत हो?" मी मटार सांगते.