कुत्र्यांचं पातेलं

"वाटाणे काय खाऊ घालतेस गं कुत्र्यांना? ती काय गोठ्यात बांधलीत?" पातेल्यात पळी फिरवत मावशी सुनेवर खेकसली.

मावशी कुत्र्यांचं जेवण शिजवून विकायची. सून डबे भरायची, आणि मांसाऐवजी वाटाणे घाला म्हणून मागंच लागली होती.

"आई, डाळ-वाटाण्याचा नीट मेळ घातला की कुत्र्याचं भागतं. जनावरांच्या डॉक्टरनंच सांगितलंय. एक बोकड वाढवायला किती पाणी, किती रान लागतं!"

"माझ्यापायी कुठला बोकड मरतोय? माणसांनी मांस नेलं की फुप्फुसं, आतडी उरतात, ती मी शिजवते. नाहीतर ओढ्यात सडली असती. पुण्य म्हण पुण्य!"

हे तिचं गिऱ्हाइकांनाही सांगून झालेलं. सुरुवातीला खरंही होतं. गल्लीतली चार कुत्री तेवढ्यावर जेवायची. मग नाव झालं, लांबून लोक डबे मागायला लागले. कुठल्या कुत्र्याच्या मालकिणीला आतड्यांचा वास सोसेना. मावशी चांगलं मांस घालत गेली, खाटीक पुरवत गेला. ते कुठून येतं, हे तिनं कधी विचारलं नाही.

तेवढ्यात खाटीकच मागच्या दारात आला. "मावशी, उद्याचं आत्ताच सांग. तुझे बोकड वेगळे काढून ठेवावे लागतात."

"माझे?"

"मग कुणाचे? उरल्यासुरल्यात तुझं पातेलं भरतंय होय? माणसांपेक्षा तुझी कुत्रीच जास्त खातात!" तो खदखदून हसला. "शेळ्या पाळणारा पाव्हणा तर रडतोय. म्हणतो, एवढे बोकड वाढवायचे तर टेकडीवर चरायला झुडूप राहिलं नाही."

मावशीचे कान तापले. सून खाली मान घालून डबे पुसत राहिली. ती चार शब्द बोलली असती, तर मावशीनं दहा परत केले असते. पण बाई बोललीच नाही. तेच जास्त लागलं. सकाळीच एका गिऱ्हाइकाला पुण्य सांगून झालेलं. आता त्या माणसापुढं कुठलं तोंड घेऊन उभं राहायचं?

"उद्यापासून उरेल तेवढंच आण," ती खाटकाला हळूच म्हणाली. "बाकी वाटाणे घालीन."

"आणि कुत्र्यांनी नाही खाल्लं तर?"

"माझ्यावर येऊन भुंकतील. भुंकू देत."

खाटीक गेला. मावशीनं सुनेकडं न बघताच विचारलं, "रात्रभर भिजवायचे ना?"

"हो."

आजचा बोकड तर चुलीवर होताच. त्याचं आता काय करणार? खालून लागायला लागलं होतं. मावशीनं जाळ कमी केला आणि पळीनं बूड खरवडायला घेतलं.