पूर्ण एक मिनिट

त्यांचं नाव मी विचारलंच नाही. सगळे नर्सबाई म्हणत. केळशीजवळच्या वाडीत लेकीकडे गेलो होतो. दहा महिन्यांच्या नातवाला खोकला झाला, म्हणून लेक आणि मी त्याला एसटीने उपकेंद्रात नेलं. पोर रडत होतं आणि बाई नुसत्या बसून होत्या.

"अहो, तपासा की!" मी वैतागलो.

"रडताना श्वास मोजला तर आकडा खोटा येतो, काका. पाज गो त्याला आधी," त्या लेकीला म्हणाल्या.

तो निवल्यावर त्यांनी झबलं वर केलं आणि घड्याळ धरून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजली. श्वास जलद होता, म्हणजे न्यूमोनियाची शंका. त्यावरची गोळी पाण्यात कशी विरघळवायची, ते लेकीकडून करवून घेतलं.

भिंतीवरच्या उपचारांच्या तक्त्यात 'दोन दिवसांनी पुन्हा आणा' या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं : 'गाडी नसेल तर?'

"दर बैठकीत वर कळवते," बाई म्हणाल्या. "तक्ता चांगलाच आहे, पण लिहिणाऱ्याच्या दारात एसटी थांबत असणार."

दोन दिवसांनी एसटी आलीच नाही. दुपारी बाई चालत अंगणात आल्या. पोर हसत होतं; ते निवल्यावर त्यांनी झबलं वर करून घड्याळ धरलं. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. मिनिट अजून पुरं व्हायचं होतं.