आईनं मला भाचा केलं तो दिवस

माझ्याशी बोलताना आई क्रियापदांतलं स्त्री-पुरुष चुकवायची. 'जेवलीस का' नाही, 'जेवलास का' पण नाही. 'जेवण झालं का?' शस्त्रक्रियेनंतर मी जळगावला मेहरूणमध्ये खोली घेतली, चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम धरलं, तरी फोनवर तिचं हेच. मी कधी टोकलं नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयातून मी पुरुष असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आता आधार कार्डावर बदल करायचा होता. जळगावच्या केंद्रावर 'असं काही होत नाही' म्हणून परत पाठवलं. धुळ्याच्या केंद्रात करतात असं कळलं, म्हणून आदल्या दिवशी शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी गेलो. सकाळी निघताना आई चपला घालून दारात उभी. "मी बी येस तुना संगे. तुले कोणी काही बोलनं ते?"

केंद्रावर गर्दी होती. ऑपरेटरनं कागद ठेवून घेतले आणि बसायला सांगितलं. आम्ही बाकावर टेकलो तोच समोरून आमच्या गल्लीतली एक बाई आली. शाळेत असताना मी तिच्या घरच्या गिरणीत दळणाचा डबा घेऊन जायचे. तेव्हा 'जायचे'च.

"अक्का, आठे कसं काय?" तिनं विचारलं. मग माझ्याकडे, माझ्या दाढीकडे बघत, "हाऊ कोण शे?"

आईनं क्षणभरही वेळ घेतला नाही. "भाचा शे मना. जळगावले ऱ्हास."

मी हात जोडले. घोगऱ्या आवाजात नमस्कार म्हणालो.

"आन् तुनी पोर?"

"ती पुणाले शे. नोकरी करस."

खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. आईच्या तोंडून पहिल्यांदा मी पुरुष झालो होतो. दुसऱ्याच क्षणी कळलं की त्यासाठी तिनं मला तिच्या पोटातून काढून कुण्या बहिणीच्या पोटी घातलंय. आणि मी ते मान डोलावून कबूलही केलंय.

तेवढ्यात ऑपरेटर आतून मोठ्यानं ओरडला, "ते स्त्रीचं पुरुष करायचं होतं, ते कोण? या लवकर!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मी बसूनच राहिलो. त्यानं प्रमाणपत्र वर धरलं आणि आमच्या घरचं आडनाव घेतलं. गल्लीतल्या बाईनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. आईनं पदर कपाळापर्यंत ओढला. मी काउंटरकडे गेलो. बोटं इतकी घामेजली होती की मशीन ठसे घेईना. ऑपरेटर म्हणाला, "पुसा हो, साहेब." तो 'साहेब' ऐकूनही मान वर करवेना.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. शिंदखेड्याला उतरताना एवढंच म्हणाली, "माले दुसरं काही सुचनं नही."

"असू दे," मी म्हणालो. मलाही सुचलं नव्हतं.

काही आठवड्यांनी गावच्या पत्त्यावर कार्ड आलं. घ्यायला गेलो. आईनं ते देवघरातून काढून हातात दिलं. पुरुष, असं स्वच्छ छापलेलं. चहा झाला. निघालो तशी ती पुढच्या दाराशी जाऊन गल्लीत डोकावली.

"बाया बसेल शेतस," ती हळूच म्हणाली. "मागला दारथीन जाय."

मी कार्ड खिशात घातलं आणि मागच्या दारानं, शेताच्या बांधावरून स्टँडवर गेलो.